हौसाबाईंची तुरटी

आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर गुडघ्याएवढ्या उंचीच्या सिमेंटच्या सहा कुंड्या होत्या आणि त्यांत शेवाळ वाढत होतं. बाहेरचं कुणी आलं की हमखास विचारायचं, ही टाकी कधीपासून धुतली नाही? हौसाबाईंना ते शब्द झोंबायचे. त्या कमरेला पदर खोचून त्या माणसाला कुंडीजवळ नेत, हिरव्या शेवयांसारखा एक धागा चिमटीत धरून वर काढत आणि आपल्या कोल्हापुरी हिंदीत सांगत, "ये गंदगी नहीं है, साहब. ये हमारा काम है." त्या शेवाळाला लसणीसारखा वास येतो. हौसाबाईंच्या हातालाही तो कायम यायचा, आणि घरी त्यांचे यजमान म्हणायचे की हिने प्रयोगशाळेत नोकरी धरली की चटणीच्या कारखान्यात, काही कळत नाही.

या हौसाबाईंनी माझ्या पीएचडीचे तीन महिने पाण्यात घालवले. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे आणि रागाने मुळीच सांगत नाही. राग करण्याजोगं त्यात जेवढं होतं, तेवढं माझ्याच वाट्याचं होतं.

साल सत्त्याऐंशी. मी, उल्का, दिल्लीतच वाढलेली. वडील अण्णासाहेब केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, घर करोल बागेत, आणि मराठी अशी की 'रांजण' म्हणजे काय हे मला हौसाबाईंनी शिकवलं. मुनिरक्याजवळच्या एका विद्यापीठात मी संशोधन करत होते. हौसाबाई भुदरगड तालुक्यातल्या. यजमान कृष्णात फौजेत गाडी चालवायचे, म्हणून त्या दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. चार वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे रोजंदारीवर झाडू मारायला आल्या, आणि बघता बघता सगळी गच्ची त्यांच्या ताब्यात गेली. शेवाळाचं त्यांना इतकं वेड की मार्चमध्ये त्यातलं थोडं काचेच्या बरणीत घालून घरी घेऊन गेल्या, शेजारणीकडून गुलाबाची फांदी न्यावी तसं.

आता हे शेवाळ कशाला, ते सांगायला हवं. याची एकेक पेशी बोटभर लांब असते. तुमच्या-माझ्या शरीरातली पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ही मात्र चिमटीत धरता येते. पेशीच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेलं असतं आणि बाहेरच्या पाण्यात नावाला. आत दाटी, बाहेर मोकळं, म्हणून ते पेशीच्या पापुद्र्यातून बाहेर झिरपतं. पण त्याच्या प्रत्येक कणावर, म्हणजे आयनावर, विजेचा धन भार असतो, आणि जाताना तो आपला भार घेऊन जातो. आत ऋण भार उरतो आणि जाणाऱ्यांना मागे खेचू लागतो. बाहेर पडण्याची घाई आणि मागची ओढ जिथे जवळजवळ सारखी होते, तिथे आत-बाहेर विजेचा एक ठरावीक दाब उभा राहतो. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीत खुपसायची, दुसरी तार बाहेरच्या पाण्यात सोडायची, की मीटरचा काटा तो दाब दाखवतो. आमच्या शेवाळात तो उणे एकशे पासष्ट मिलिव्होल्टच्या आसपास यायचा. उणे म्हणायचा आम्ही कंटाळा करायचो.

एप्रिलपर्यंत काटा एकशे पासष्टला यायचा. मे महिन्यात एकशे चाळीसवर आला. जूनच्या शेवटी एकशे दहा, आणि ऑगस्टमध्ये नव्वदच्या पुढे जाईना.

मी आधी नळ्यांना दोष दिला. काच तापवून दोनशेच्या वर नळ्या नव्या ओढल्या, त्यात दोनदा बोट कापून घेतलं. मग पाण्यात सोडायच्या चांदीच्या तारेवर संशय घेतला, आणि अण्णासाहेबांना घेऊन करोल बागेतल्या सराफाकडे सर्वांत शुद्ध चांदीची तार मागायला गेले. तार मिळाली. मात्र बाप-लेक सराफाच्या दुकानात दिसले म्हणून उल्काचं लग्न ठरलं, ही बातमी आठ दिवसांत सगळ्या मराठी घरांत फिरली, आणि आईला दारोदार जाऊन ती खोडून काढावी लागली. काटा आपला नव्वदवरच.

माझ्या मार्गदर्शक डॉ. विजयालक्ष्मी, मूळच्या मदुराईच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि घाबरायचो. पेशी ज्या पाण्यात वाढली त्याच पाण्यात आधी मोजायची, ही त्यांची शिस्त. हौसाबाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कुंडीत पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही, आणि हौसाबाईंनी तो नियम देवाच्या नेमासारखा पाळला होता. ऑगस्टच्या शेवटी मॅडमनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की हात स्थिर नसेल तर विषय बदललेला बरा, सप्टेंबरअखेर ठरवू. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. हौसाबाई पाण्याची बादली घेऊन वर चालल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली, माझ्याशेजारी बसल्या आणि सगळं विचारून घेतलं.

खरं तर त्या वेळी त्यांचंच जास्त अडलेलं होतं. कृष्णातराव मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. हौसाबाईंना विद्यापीठाने कायम केलं तर दोघं मुनिरक्यात खोली घेऊन दिल्लीत राहणार, नाहीतर ट्रंक बांधून गावी जाणार. गावी त्यांना जायचं नव्हतं. आठवी पास होऊन वीस वर्षं कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि इथे बडे बडे प्राध्यापक गच्चीवर येऊन त्यांना विचारायचे की आज कुठली कुंडी चांगली आहे. हे सोडून जायचं म्हटलं की त्यांचा घास अडायचा, असं त्या स्वतःच म्हणायच्या. कायम करायची समिती सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी बसणार होती, आणि तिथे वजन एकाच कागदाला होतं, मॅडमच्या शिफारशीला.

जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी हौसाबाई घरची बरणी पिशवीत घालून बसने घेऊन आल्या. म्हणाल्या, याच्यात बघा, कदाचित कुंड्यांनाच काही झालं असेल. मी उगाच त्यांचं मन राखायला एक पेशी काढली, बरणीतल्याच पाण्यात ठेवली आणि नळी खुपसली. काटा सरळ एकशे चौसष्टवर जाऊन उभा राहिला. मी दुसरी पेशी घेतली. एकशे सदुसष्ट. मी हौसाबाईंना मिठी मारली, लसणीच्या वासासकट.

माझा हात ठीक होता. मग कुंड्यांना काय झालं? मी फार विचार केला नाही. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, गच्ची तव्यासारखी तापत होती, बरणी मात्र घरात खिडकीत होती. मी वही उघडली आणि झोकात लिहिलं, कारण: गच्चीवरचं ऊन. हौसाबाईंनी विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर घरी गेल्या.

हा होता सोमवार. मंगळवारी सकाळी मी आले तर त्या माझ्या टेबलाशी उभ्या. हातात फडक्याची पुरचुंडी. त्यांनी ती सोडून टेबलावर ठेवली. आत सुपारीएवढा तुरटीचा खडा होता.

तो खडा मला चांगला ओळखीचा होता. गच्चीच्या दारालगतच्या कोनाड्यात तो चार महिने पडलेला असायचा. बोट कापलं तेव्हा मीच तो उचलून जखमेवर चोळला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. एप्रिलपासून नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा आणि त्याचं पाणी चहासारखं गढूळ. असलं पाणी कुंडीत कसं ओतायचं? म्हणून त्या बादलीत तुरटी फिरवायच्या, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी कुंडीत. गावाकडे पुराचं पाणी सासूबाई असंच निवळायच्या, बादलीला सात फेऱ्या. उन्हाने कुंड्या आटायच्या, त्यामुळे हे रोजचंच. घरी मात्र फौजेचं पाणी स्वच्छ येतं, म्हणून बरणीत तुरटीचं पाणी कधी गेलंच नाही.

"पण मॅडमनी सांगितलं होतं ना, काही घालायचं नाही?" मी विचारलं.

"घातली कुठं, ताई? तुरटी घालत न्हाईत. फिरवत्यात आणि काढून घेत्यात." त्या खड्याकडे बघत राहिल्या. "काल भाकरी थापताना ध्यानात आलं. एप्रिलात आणली तवा मुठीएवढी होती. काढून घेतली म्हनतोय, मग बाकीची गेली कुठं?"

मी एम.एस्सी. रसायनशास्त्र, पहिला वर्ग. तुरटीत काय काय असतं हे मला परीक्षेत पाच गुणांना आलं होतं. ॲल्युमिनियम, गंधक आणि पोटॅशियम. तेच पोटॅशियम, ज्याच्यामागे मी तीन वर्षं धावत होते, ते मी स्वतःच्या बोटाला चोळून घेतलं होतं आणि मला त्याची ओळख पटली नव्हती. रोज थोडं थोडं कुंडीत जात होतं, पाणी उडून जात होतं आणि ते मागे साठत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं माझं झालं होतं.

मग एकदम शुक्रवार आठवला. मॅडम आपल्या नियमाबाबत किती कडक होत्या ते मला ठाऊक होतं. मी उठून दार लोटलं आणि हळूच म्हटलं, आपण हे शनिवारी सांगू या. तुम्ही आजपासून तुरटी बंद करा, कुंड्यांचं पाणी बदलू, चार दिवसांनी काय बिघडणार आहे? इथे आपल्या दोघींशिवाय कुणाला काही माहीत नाही. हे सुचवताना मला काहीही चुकीचं वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही.

हौसाबाईंनी माझी वही पुढे ओढली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तवर हितं उन्हाचं नाव ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "उन्हानं काय केलेलं न्हाई, पोरी."

त्यांनी मला पहिल्यांदाच पोरी म्हटलं. मग खडा पुन्हा पुरचुंडीत बांधला आणि त्या पुढे झाल्या, मी मागून.

मॅडम टाइपरायटरवर काहीतरी टाइप करत होत्या. कागद अर्धा भरला होता आणि वरच्या ओळीतलं हौसाबाईंचं नाव मला दारातूनच दिसलं. हौसाबाईंनी पुरचुंडी टेबलावर सोडली आणि आपल्या हिंदीत सगळं सांगितलं, सासूबाईंच्या सात फेऱ्यांसकट. शेवटी मॅडमनी एवढंच विचारलं की बादली किती लिटरची. मग उठून म्हणाल्या, चला.

प्रयोगशाळेत त्यांनी मला बरणीतली पेशी लावायला सांगितली. काटा एकशे पासष्ट. मग पेशी ठेवलेल्या तबकातलं पाणी काढून कुंडीतलं घालायला सांगितलं. हौसाबाई मीटरपुढे उभ्या होत्या. काटा हलला. दीडशे. एकशे तीस. एकशे दहा. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्र्याण्णववर येऊन तो थांबला. मग मॅडमनी स्वतःच्या हाताने ते पाणी काढलं आणि बरणीतलं परत घातलं, आणि काटा हळूहळू, आम्हा तिघींचा जीव टांगणीला लावत, पुन्हा वर चढत गेला. एकशे साठ ओलांडल्यावर हौसाबाईंनी मोठा श्वास सोडला आणि काट्याला हात जोडले.

"पानी फेंकना मत," मॅडम म्हणाल्या. सहाही कुंड्यांचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून ठेवा, कारण प्रत्येकीत पोटॅशियम वेगळं असणार. मग त्या आपल्या खोलीत गेल्या. आम्ही बघत होतो. त्यांनी टाइपरायटरमधला अर्धा कागद ओढून काढला, चुरगळून टोपलीत टाकला आणि नवा कागद चढवला.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. हौसाबाई मात्र रोज वेळेवर येऊन कुंड्या घासत होत्या. बुधवारी त्यांनी मला विचारलं की गावच्या घरी खिडकीत शेवाळ जगेल का, तिथलं पाणी गोडं आहे. मी नुसतंच जगेल म्हणाले आणि नळ्या ओढायला बसले.

शुक्रवारी समितीच्या खोलीत वीज गेली आणि पंखे बंद झाले, म्हणून दार सताड उघडं होतं. बाहेरच्या बाकावर कृष्णातराव इस्त्रीचे कपडे घालून ताठ बसले होते, शेजारी मी. आत तीन साहेब आणि हौसाबाई. मधल्या साहेबांनी मॅडमचं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "इसमें तो लिखा है कि आपने तीन महीने का काम बिगाड़ दिया?"

"जी, बिगाड़ा," हौसाबाई म्हणाल्या.

कृष्णातरावांनी डोळे मिटले.

साहेबांनी पुढचं वाचलं. आणि हेही लिहिलं आहे, ते म्हणाले, की कुणालाही कळलं नसतं, तुम्हीच येऊन सांगितलंत. मग कागद खाली ठेवून त्यांनी जरा कुतूहलानेच विचारलं की तुरटीने विजेचं काय बिघडतं, समजावून सांगा.

हौसाबाईंनी आधी पदर सारखा केला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे वीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले. त्या म्हणाल्या, साहेब, पेशी म्हणजे आमचं गाव समजा. घरात माणसं जास्त, जमीन थोडी, म्हणून एकेक जण बाहेर पडतो. कुणी फौजेत, कुणी दिल्लीला. पण जाणारा जसा बाहेर जातो, तशी मागे घरात त्याची ओढ वाढत जाते. आणखी एक गेला, आणखी ओढ. शेवटी ओढ इतकी होते की एक निघतो तेव्हा एक परत येतो. काटा दाखवतो ती ही ओढ.

"और फिटकरी?" साहेबांनी तुरटीचं विचारलं.

"फिटकरी में वही लोग भरे हैं, साहब. बाहर पहले से ही भीड़ कर दी मैंने. फिर गाँव से कौन निकलेगा? कोई गया ही नहीं, तो खिंचाव कहाँ से आएगा?" त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मैंने सिर्फ पानी साफ किया था. पर भीड़ मैंने ही की."

साहेब बराच वेळ हसत होते, पण त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बाकावर कृष्णातराव माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, आमच्या घरात ही एवढं कधी बोलली नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. माझेही तसेच होते.

नेमणुकीचं पत्र दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आलं. मॅडमनी तेवढ्या दिवसांत मला त्या सहा बाटल्यांतलं पोटॅशियम मोजायला लावलं होतं. पोटॅशियम किती पटींनी वाढलं आणि काटा किती उतरला, ते कागदावर मांडलं तर जवळजवळ सरळ रेघ आली. माझ्या प्रबंधातली तिसरी आकृती ती. विषय बदलायची गोष्ट मॅडमनी पुन्हा काढली नाही. वहीतली उन्हाची ओळ मी खोडली आणि खाली खरं कारण लिहिलं. तो सुपारीएवढा खडा मॅडमनी काचेच्या बाटलीत घालून तारखेची चिठ्ठी लावली आणि गच्चीच्या कोनाड्यात, तो पूर्वी असायचा तिथेच, ठेवून दिला.

हौसाबाई दोन हजार नऊमध्ये निवृत्त झाल्या. मी तोवर गाझियाबादला राहायला गेले होते, पण त्यांच्या शेवटच्या दिवशी मुद्दाम आले. त्या नव्या बाईला काम समजावून देत होत्या. कुंड्या दाखवल्या, उन्हाची जाळी कधी ओढायची ते सांगितलं, कुंड्यांच्या नोंदींची वही दिली. मग कोनाड्यातली बाटली काढून तिच्या हातात ठेवली. त्या बाईने खडा निरखून पाहिला आणि विचारलं की हा पाण्यात घालायचा का.

"पानी में कुछ नहीं डालना," हौसाबाई म्हणाल्या. "और डालके निकाल लिया, तो भी डाला ही है. वही में लिख देना."